दोरीवर

पथकात पहिल्या वर्षी मला ढोल मिळाला नाही, दोरी मिळाली. सरावाला उशिरा येणारे, मनगट न वळणारे आणि माझ्यासारखे टोल एक मात्रा आधीच टाकून मोकळे होणारे असे आम्ही वीसेक जण होतो. अनंत चतुर्दशीला पथकाभोवती जाड दोर धरून चालायचं, एवढंच काम. आत ढोल, ताशे, झांजा, ध्वज. बाहेर अख्खं पुणं. दोरीवरच्या माणसाला मिरवणूक दिसत नाही, कारण त्याची पाठ वादकांकडे आणि तोंड गर्दीकडे असतं. "काका, आत नाही येता येणार" आणि "अहो ताई, बाळाला घेऊन जरा मागे व्हा ना" ही दोनच वाक्यं मी त्या दिवशी सात-आठ तास बोलले. दुसऱ्या दिवशी तळहाताला फोड आणि कानात नुसता ठेका. आईनं विचारलं, वाजवलंस का गं? म्हटलं, नाही, सांभाळलं.

हे मी विसरूनही गेले असते. पण बारा वर्षांनी, ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी, पश्चिम लंडनमधल्या लॅडब्रोक ग्रोव्हवर मी पुन्हा दोर धरून उभी होते. ह्या वेळी दोर निळा, नायलॉनचा. आत पाठीला पिसांचे पंखे बांधलेल्या पन्नासेक बायका, पुढे ट्रक, ट्रकवर माझ्या फ्रिजपेक्षा मोठे स्पीकर. बाहेर लंडन. वाक्यं तीच, फक्त इंग्रजीत. "सॉरी डार्लिंग, कॉस्च्यूम असलेलेच आत." एका उंच, बिअर प्यायलेल्या माणसाला तिसऱ्यांदा हे सांगताना मला हसूच आलं. एवढे व्हिसा काढले, दोन डिग्र्या घेतल्या, आणि शेवटी दोरीवरच.

तिथवर मला नेलं ते ऑफिसातल्या एका मुलीच्या मावशीनं. मावशी मूळची त्रिनिदादची. तिला सगळे टांटी म्हणतात. तिकडे आत्या, मावशी, शेजारची काकू, सगळ्यांना हाच एक शब्द चालतो. टांटी नॉटिंग हिल कार्निव्हलमधल्या एका मास बँडचा एक सेक्शन चालवते. इथे बँड म्हणजे वाजवणारे नव्हेत. एका कल्पनेवर पोशाख करून रस्त्यानं नाचत जाणाऱ्यांचा ताफा म्हणजे बँड, आणि मास म्हणजे मास्करेड, सोंग. त्रिनिदादी माणूस मास करत नाही, बघत नाही. तो मास खेळतो. आपण होळी खेळतो, रंग खेळतो, मंगळागौर खेळतो, तसं. हे क्रियापद ऐकलं तेव्हाच मी टांटीच्या बाजूची झाले.

"मास कॅम्पला ये, हात कमी पडतायत," असा निरोप जूनमध्ये आला. कॅम्प म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तंबू. निघाला एका कम्युनिटी सेंटरचा मागचा हॉल. ट्यूबलाइट, घडीची टेबलं, आणि गरम गोंदाचा वास. गोंदाच्या बंदुका एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर इतक्या लावलेल्या की माझ्या वडिलांनी बघितलं असतं तर आधी मेन स्विच बंद केला असता. कोपऱ्यात पिसांची खोकी, नारिंगी, मोरपंखी, जांभळी. मला दिलेलं काम असं: पट्टीवर पिसं एका दिशेनं, प्रत्येकाचा कणा आधीच्या पिसाखाली जाईल अशी लावायची. बारा पिसांनंतर एक लांब पीस. गोंद थोडा जास्त झाला की पीस मेणचट होऊन लोळतं, कमी झाला की रस्त्यावर गळतं. पहिल्या संध्याकाळी मी तीन पट्ट्या केल्या. शेजारच्या बाईंनी अकरा.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारबा बसायचे. त्यांच्यापुढे तारेचं भेंडोळं, पक्कड आणि चिकटपट्टी. त्यांना वायर बेंडर म्हणतात. मासमधला हा जुना आणि मानाचा कारागीर. कागदावर चित्र असतं दोन मितींचं, हे गृहस्थ त्याचा तारेत सांगाडा उभा करतात. पंख, शिंगं, मासा, जे काय असेल ते. माणसानं तो चार-सहा तास खांद्यावर घेऊन नाचायचं असतं, म्हणून वजन कुठे पडतं ह्याचा हिशोब तारेतच बसवावा लागतो. एकदा त्यांनी पंखाचा सांगाडा एका बोटावर तोलून दाखवला, आणि बोट काढून त्याच जागी पट्ट्याचं बक्कल लावलं. पोरं शिकत नाहीत, असं ते म्हणाले. दाराजवळ रचलेल्या खोक्यांकडे त्यांनी हनुवटीनं खूण केली. त्यांवर चिनी अक्षरं होती. मण्यांच्या चोळ्या आणि कंबरपट्टे तयार येतात आता. पिसं तेवढी इथे लावायची.

पण मला सगळ्यांत आवडली ती टांटीची वही. निळ्या पुठ्ठ्याची, शिंप्याकडे असते तशी. रकाने पेनानं आखलेले: नाव, छाती, कंबर, डोकं, बूट, ॲडव्हान्स, बाकी. फ्रंटलाइन म्हणजे पुढच्या रांगेतला मोठ्या पंख्याचा पोशाख, त्याचा भाव जास्त. बॅकलाइनला पिसं कमी, भाव कमी. मूळ बँडला एक ठरलेला आकडा द्यायचा, त्यात ट्रक, संगीत, विमा. पिसं, मणी, हॉलचं भाडं, म्हातारबांचा मेहनताना टांटीच्या अंगावर. उरलं तर तिचं, बुडालं तरी तिचंच. काही नावांपुढे 'सूसू' असं लिहिलं होतं. मी विचारलं, हे कोण? ती म्हणाली, कोण नाही, दर महिन्याला दहा-बारा जणी ठरावीक पैसे काढतो, दर महिन्याला एकीला सगळी रक्कम. ह्या मुलींचा नंबर लागेल, तेव्हा देतील.

भिशी! मी मराठीतच ओरडले.

जमैकाची माणसं हिलाच पार्डनर म्हणतात. पन्नाशीच्या दशकात कॅरिबियनमधून आलेल्या लोकांना इथल्या बँका दारात उभं करत नव्हत्या, तेव्हा कित्येकांनी घराचं पहिलं डिपॉझिट ह्याच भिशीतून भरलं. ज्या पैशांतून घरं उभी राहिली, त्याच पैशांतून पिसंही येतात, ह्यात टांटीला काही विशेष वाटत नव्हतं. मी तिला सांगितलं की तू जे करतेस त्याला विद्यापीठात सांस्कृतिक उद्योजकता म्हणतात. ती म्हणाली, मग त्यांना सांग, दोन पोरींची बाकी अजून यायची आहे.

रस्त्यावरच्या सणाची ही मूळ अडचण. रस्त्याला दार नसतं, मग तिकीट फाडायचं कुठे? त्रिनिदादच्या कार्निव्हलची गोष्ट मी वाचत गेले तेव्हा मला सारखी ती दोरीच दिसायला लागली. कुणी कुठे बांधली, आणि बांधल्यावर आत कोण राहिलं.

सुरुवातीचा भाग आपल्याकडे कुणालाही ओळखीचा वाटेल. फ्रेंच मळेवाल्यांचे मुखवट्यांचे नाच बंद हवेल्यांत चालायचे. १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्ण संपली आणि सुटलेल्या माणसांनी सण रस्त्यावर आणला, मशाली, ढोल आणि लाठ्यांसकट. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला कॅप्टन बेकरच्या पोलिसांशी त्यांची जुंपली. मग सरकारनं ढोलांवर बंदी घातली. लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. १८८४ मध्ये सॅन फर्नांडोला मोहरमच्या मिरवणुकीवर गोळ्या चालल्या आणि उसाच्या मळ्यांवर राबणारे गिरमिटिये मारले गेले. ही माणसं १८४५ पासून कलकत्त्याहून जहाजांनी गेलेली. त्यांत मराठी आडनावं शोधत बसू नये, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातली होती. त्यांच्याबरोबर गेलेलं वाद्य मात्र आपल्या घरचं आहे. त्रिनिदादमध्ये त्याला आजही 'तासा' म्हणतात. गळ्यात अडकवलेला, दोन लवचीक काड्यांनी वाजवायचा, आणि वाजवण्याआधी जाळावर शेकून ताणून घ्यायचा. सोबतीला मोठा ढोल आणि पितळी झांजा. टांटीनं फोनवर व्हिडिओ लावला तेव्हा मी डोळे मिटून ऐकलं. चाल वेगळी होती, पण ताशाची ती तडतड लक्ष्मी रस्त्यावरचीच.

दोरीची गोष्ट खऱ्या अर्थानं सुरू होते ती तंबूपासून. कॅलिप्सो म्हणजे चालू घडामोडींवर, पुढाऱ्यांवर, शेजाऱ्यांच्या लफड्यांवर रचलेलं गाणं, आपल्या शाहिराच्या आणि सोंगाड्याच्या मधोमध कुठेतरी बसणारं. ते बांबूच्या मांडवात म्हटलं जायचं. चीफटन डग्लस नावाच्या गायकानं १९२१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला नीट बाकं टाकून, आत यायला पैसे घेऊन, मध्यमवर्गाला बसवता येईल असा तंबू उभारला. मला लगेच तमाशाची कनात आठवली. कनातीच्या कापडाला काय किंमत असते! पण ते ताणलं की बाहेरचा श्रोता 'पब्लिक' होतो आणि आतला कलाकार पोटाला लागतो. आजही ह्या कार्यक्रमांना टेन्टच म्हणतात, मग ते सिमेंटच्या सभागृहात का असेनात.

त्यानंतर आला एदुआर्दो सा गोमेश. पोर्तुगीज वंशाचा दुकानदार, ग्रामोफोन आणि तबकड्या विकणारा. १९३४ मध्ये त्यानं अटिला द हन आणि रोअरिंग लायन ह्या दोन गायकांना पदरच्या खर्चानं न्यूयॉर्कला रेकॉर्डिंगसाठी पाठवलं. (कॅलिप्सो गायकांची नावं अशीच असतात. कुस्तीच्या फडात शोभतील अशी.) सा गोमेश काही दानशूर नव्हता. त्याला दुकानात विकायला माल हवा होता. तरीही ह्या माणसाबद्दल मला आदर वाटतो, कारण त्यानं गिऱ्हाइकाला जे हवं ते बाहेरून आणून विकण्याऐवजी आपल्याच गल्लीतला आवाज बाहेर धाडला.

दोरी नसली तर काय होतं ते पुढच्या दशकात दिसलं. दुसऱ्या महायुद्धात त्रिनिदादमध्ये अमेरिकन तळ पडले. लॉर्ड इन्व्हेडर नावाच्या गायकानं १९४३ मध्ये एक गाणं बांधलं, रम आणि कोका-कोला पिणाऱ्या सैनिकांवर आणि त्यांच्या डॉलरमागे धावणाऱ्या मायलेकींवर. वरून गोड, आतून झोंबणारं. त्याच वर्षी सैनिकांच्या मनोरंजनासाठी मोरी ॲम्स्टरडॅम नावाचा अमेरिकन विनोदवीर बेटावर आला होता. परत जाऊन त्यानं शब्दांत थोडी फिरवाफिरव केली आणि गाणं आपल्या नावावर नोंदवलं. अँड्र्यूज सिस्टर्सनी गायलेली तबकडी १९४५ मध्ये अमेरिकेत कित्येक आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. लॉर्ड इन्व्हेडर तिकडे पोर्ट ऑफ स्पेनला, आणि त्याचं गाणं सगळ्या जगाच्या तोंडी.

ह्या भानगडीत मला सर्वांत जवळचा वाटतो तो मोहम्मद खान नावाचा माणूस. त्यानं त्या हंगामाच्या कॅलिप्सोंची एक पुस्तिका छापली होती. आपल्याकडे जत्रेत लावण्यांच्या आणि आरत्यांच्या चोपड्या मिळत, त्या जातीची. कार्निव्हलच्या दिवसांत दोन-चार नाण्यांना विकायची, लोकांनी ओळी पाठ करायच्या. इन्व्हेडरच्या गाण्याचे शब्द तिच्यात छापलेले होते, हक्क खानच्या नावे होता. न्यूयॉर्कच्या कोर्टात शेवटी उभी राहिली ती ही चोपडी. १९४७ मध्ये निकाल खानच्या बाजूनं लागला. चालीवरचा दुसरा खटलाही अमेरिकन प्रकाशक हरला. भरपाई मिळाली, मात्र त्या अमेरिकन गाण्याचा हक्क ॲम्स्टरडॅमकडेच राहिला. म्हणजे चोर पकडला, दंड घेतला, आणि गाय त्याच्याच गोठ्यात. पण पातळ कागदावरची ती पुस्तिका नसती तर दंडही मिळाला नसता. टांटीच्या वहीकडे मी तेव्हापासून जरा अदबीनं बघते.

घरच्या घरीसुद्धा कलावंताच्या हाती फार पडत नव्हतं. १९५६ मध्ये माइटी स्पॅरो कॅलिप्सोचा राजा झाला. मुकुटाबरोबर मिळाले चाळीस डॉलर. त्याच सणातल्या सौंदर्यराणीची बक्षिसं ह्याच्या कितीतरी पट. स्पॅरोनं स्पर्धेवर बहिष्कार टाकला, त्या बहिष्कारावरच गाणं रचलं, आणि निम्म्याअर्ध्या गायकांना बरोबर ओढलं. तीन वर्षं तो अधिकृत स्पर्धेत उतरला नाही. तरी १९५८ मध्ये रस्त्यावर सर्वांत जास्त वाजलेलं गाणं म्हणून त्याच्याच गाण्याला मान मिळाला, आणि ते होतं पगारातून कापल्या जाणाऱ्या आयकरावर. लोक आयकरावर नाचले! हे फक्त तिथेच होऊ शकतं.

स्टीलपॅनचं तर काय सांगावं. बांबूनंतर बिस्किटांचे डबे आले, आणि १९४०च्या दशकात तेलाची पिंपं. तेल त्रिनिदादच्याच जमिनीतलं. दोनशे लिटरच्या पिंपाचं बूड घणानं खोलगट ठोकायचं, जाळावर तापवायचं, मग हातोडीनं एकेक सूर बसवायचा. एली मॅनेट, स्प्री सायमन, अँथनी विल्यम्स ही पोरं भद्र समाजाच्या लेखी टपोरी. स्टीलबँडच्या टोळ्या एकमेकांची डोकी फोडायच्या हेही खरं. १९५१ मध्ये ह्यांच्यातलेच निवडक वादक लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्ये वाजवून आले आणि मग बेटावरच्या भद्र लोकांना अचानक ऐकू यायला लागलं. साठच्या दशकात कंपन्या पुढे आल्या. शेल इन्व्हेडर्स, एस्सो ट्रिपोली, आणि एका विमान कंपनीच्या नावाचा पॅन ॲम नॉर्थ स्टार्स. ज्या तेल कंपन्यांची पिंपं पोरं उचलून नेत, त्यांचीच नावं आता पोरांच्या बँडला. टपोरीपणा कमी व्हावा अशी सरकारचीही इच्छा होती आणि तो कमी झालाही. पॅन ॲम नॉर्थ स्टार्सनी १९६३ मध्ये पहिली पॅनोरमा, म्हणजे स्टीलबँडांची मोठी स्पर्धा, जिंकली. आपल्याकडच्या मंडळांच्या कमानीवर गुटख्याची आणि बिल्डरची नावं बघून नाकं मुरडणाऱ्यांत मीही आहे, पण ह्या बाबतीत मला नाक मुरडता येत नाही. घण घालणाऱ्याला खायला लागतं.

२००१ मध्ये दोन अमेरिकनांनी पॅन यंत्रदाबानं बनवायच्या एका पद्धतीचं अमेरिकेत पेटंट मिळवलं, आणि त्रिनिदादमध्ये जो संताप उसळला त्यात लॉर्ड इन्व्हेडरची जुनी जखम होतीच. देशाच्या राजमुद्रेवर कोलंबसची जहाजं होती, ती उतरवून तिथे स्टीलपॅन बसवायला मात्र २०२५ उजाडलं.

लंडनचा कार्निव्हल ह्या सगळ्याचा धाकटा भाऊ, आणि त्याचा जन्म दंगलीनंतरचा. १९५८ च्या उन्हाळ्यात नॉटिंग हिलमध्ये गोऱ्या टोळक्यांनी काळ्या वस्तीवर हल्ले केले. क्लॉडिया जोन्स ही पोर्ट ऑफ स्पेनला जन्मलेली कम्युनिस्ट बाई, अमेरिकेनं हद्दपार केलेली, ब्रिक्स्टनमधून वर्तमानपत्र चालवायची. तिनं ३० जानेवारी १९५९ ला सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये, छपराखाली, कार्निव्हल भरवला. जानेवारीत लंडनच्या रस्त्यावर पिसं घालून कोण नाचणार! त्या कार्यक्रमाच्या छापील पत्रिकेत एक ओळ होती, की पत्रिकेच्या विक्रीतला काही भाग दंगलीत अडकलेल्या, काळ्या आणि गोऱ्या दोन्ही तरुणांचे दंड भरायला जाईल. त्या 'गोऱ्या'पाशी मी वाचताना थबकले. रस्त्यावर आणलं ते १९६६ मध्ये रोन लॅस्लेट नावाच्या समाजकार्यकर्तीनं, मुलांची जत्रा म्हणून. तिथे रसेल हेंडरसननं गळ्यात पॅन अडकवला आणि वाजवत सरळ चालायला लागला, लोक मागोमाग. १९७३ पासून लेस्ली पामरनं वेगवेगळ्या बेटांचे बँड, साउंड सिस्टीम, जनरेटर, प्रायोजक, खाण्याच्या टपऱ्या असा सगळा मांड मांडला. आज आपण जो बघतो तो साचा बराचसा त्याचा.

आणि आजही तो फुकट आहे. रस्ता सगळ्यांचा. दोन दिवसांत दहा-वीस लाख माणसं येतात म्हणतात. लंडन डेव्हलपमेंट एजन्सीनं २००३ मध्ये एक पाहणी करून घेतली, त्यात कार्निव्हलमुळे शहरात फिरणारा पैसा ९.३ कोटी पाउंड निघाला. हॉटेलं, भुयारी रेल्वे, दारूची दुकानं, सगळ्यांचं भागलं. परिसरातल्या पांढऱ्या घरांना रविवारच्या आधीच प्लायवूडचे तक्ते ठोकलेले असतात, आणि त्यांतल्याच काही दारांवर पुठ्ठा लटकतो, 'टॉयलेट, पाच पाउंड'. मी तासभर रांगेत काढला आहे, म्हणून सांगते: त्या दिवशी त्या गल्लीतला सर्वांत रोकडा उद्योजक तोच. जर्क चिकन भाजणारा अर्ध्या कापलेल्या पिंपावर भाजत असतो. म्हणजे तेच तेलाचं पिंप, आडवं कापलं की पॅन, उभं कापलं की चूल. दोन्हींवर माणसं पोट भरतात, चुलीवर जरा बरं.

टांटीच्या वहीत ९.३ कोटींपैकी काही दिसत नव्हतं. मी बघितलं होतं, पानाच्या तळाशी तिचा स्वतःचा आकडा काय येतो ते. इथे लिहिणार नाही, पण माझा त्या महिन्याचा रेल्वेचा पास त्यापेक्षा महाग होता.

मग दोरी कशाला, तर ह्याच्यासाठी. जिनं जूनपासून हप्ते भरले तिला नाचायला हातभर जागा मिळावी म्हणून. त्रिनिदादमध्ये हे प्रकरण फार पुढे गेलंय. मोठ्या बँडांमध्ये हजारो लोक, बहुतेक बायका. त्यांच्याभोवती दोर, दोरावर पगारी सुरक्षारक्षक, मनगटाला पट्टा, आत दारूचा ट्रक, जेवणाचा ट्रक, चाकांवरचं टॉयलेट. पोशाख फ्रंटलाइनचा असेल तर हजारभर अमेरिकन डॉलर सहज. पट्टा नसताना दोराखालून घुसणाऱ्यांना तिथे 'स्टॉर्मर' म्हणतात. जुनी माणसं म्हणतात, हे मास नव्हे, मणी आणि बिकिनी. पीटर मिन्शलचं नाव घेतात. त्यानं १९८३ मध्ये 'रिव्हर' नावाचा बँड काढला होता. पहिल्या दिवशी सगळे पांढऱ्यात, डोक्यावरून नदीसारखं वाहणारं लांबच लांब कापड, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पांढऱ्यावर रंग. रंगपंचमी, पण शोकांतिकेतली. प्रदूषणानं मेलेल्या नदीची. ते बघितलेल्या माणसाला आजची पिसं फिकी वाटणारच.

टांटीच्या हॉलमध्ये ह्यावर दर शुक्रवारी भांडण व्हायचं. म्हातारबा मिन्शलच्या बाजूनं. टांटी म्हणायची, माझ्या पोरी नर्सेस आहेत, वर्षभर निळा डगला घालतात, त्यांना दोन दिवस सुंदर दिसायचं आहे, त्यांना प्रदूषण नको. मला दोघांचं पटायचं. फक्त एक गोष्ट कुणीच बोलायचं नाही, ती माझ्या डोक्यात राहायची: पिसांवर पैसा गेला म्हणून म्हातारबांची तार गेली असं नाही. पैसा पूर्वीपेक्षा जास्तच आहे. तो हॉलच्या दारापाशी, त्या चिनी खोक्यांपाशी अडतो. पक्कड हातात असलेल्या माणसापर्यंत येत नाही.

ब्राझीलमधल्या साल्वादोरच्या कार्निव्हलबद्दल वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. तिथे दोर धरणाऱ्यांना स्वतंत्र नाव आहे, कोर्देइरू. दिवसाच्या रोजावर धरलेली गरीब, बहुतेक काळी माणसं. आत पैसे भरून विशिष्ट टीशर्ट घेतलेले लोक. बाहेरच्या उसळत्या गर्दीला म्हणतात पिपोका, म्हणजे मक्याच्या लाह्या. पुण्याच्या दोरीवर असताना मला स्वतःचा केवढा अभिमान वाटायचा! मी कोर्देइरू होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी सातला संगीत बंद झालं. एवढ्या आवाजानंतरची शांतता अंगावर येते. झाडूवाल्यांच्या गाड्या मागून येतच होत्या. टांटी वाकून रस्त्यावरची गळलेली पिसं गोळा करत होती, नारिंगी वेगळी, जांभळी वेगळी. धुतली की पुढच्या वर्षी चालतात. मी निळा दोर कोपराभोवती गुंडाळत होते. तळहाताला फोड आले होते, त्याच जागी.

ट्रकच्या पायरीवर बसून तिनं पिशवीतून वही काढली आणि एक पाकीट माझ्यापुढे धरलं. साठ पाउंड. मी म्हटलं, राहू दे गं.

"तुमच्या शहरात देत नव्हते?"

"नाही. ती सेवा असते," मी म्हटलं आणि सेवा शब्दाला इंग्रजी शोधत बसले.

"फुकट," तिनं मदत केली. "आणि बँडला मिळायचे?"

पथकाला मंडळाकडून सुपारी मिळायची. त्यातून ढोलांची पानं बदलली जायची, एका वसतिगृहाला देणगीही गेली होती. मी हे सगळं सांगायला लागले, तर ती वहीत लिहीत होती. शेवटच्या पानावर, माझ्या नावापुढे: दोर, ६०, दिले. मग पेन माझ्याकडे केलं. मी सही केली.

छाती, कंबर, डोकं, हे रकाने माझ्या ओळीत रिकामेच होते. टांटीनं कंबरेच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि वर बघितलं.

मी भाव विचारला.

"फ्रंटलाइन की बॅकलाइन?" ती म्हणाली.